न मोजलेल्या पोत्यांचा दाखला

प्रति,
भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या परिषदेचे सदस्य,
धार, देवास आणि इंदूरकडच्या लेखापरीक्षण फर्मचे भागीदार,
आणि आमच्या वाणिज्य महाविद्यालयांतले इंटर्नशिपचे प्रभारी प्राध्यापक यांस,



माझ्याजवळ एक प्रमाणपत्र आहे. त्यात लिहिलंय की १ मे ते १५ जून २०२४ या काळात मी देवासच्या एका फर्ममध्ये काम केलं आणि जीएसटी, आयकर, व्हाउचिंग व मालसाठ्याची प्रत्यक्ष तपासणी यांचा मला अनुभव मिळाला. खाली सनदी लेखापालांची सही आहे, शिक्का आहे, सदस्यत्व क्रमांक आहे. मालसाठ्याच्या तपासणीला मी एकदाही गेलेले नाही. मी येऊ का असं विचारलं होतं, मला जाऊ दिलं नाही. तरीही ते वाक्य त्या कागदावर आहे, आणि त्याच कागदावर मला कॉलेजचे गुण मिळणार आहेत.

फर्मचं नाव मी लिहिणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. ३१ मेच्या रात्री टीडीएसचं शेवटचं विवरण भरत सर अकरा वाजेपर्यंत बसले होते, आणि मामा मला घ्यायला आले तेव्हा जिन्यापर्यंत येऊन त्यांनी विचारलं की मी काही खाल्लंय का. शिवाय वर्गातल्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा कळलं की बहुतेकींची गोष्ट माझ्यासारखीच आहे, मग ती इंदूरची फर्म असो की पीथमपूरच्या कारखान्यातला अकाउंट्स विभाग.

मी धारची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे सीए व्हायचं ठरवलं आहे. देवास माझं आजोळ. मामाचं घर टेकडीच्या पायथ्याशी, गायक कुमार गंधर्वांच्या ‘भानुकुल’ या घरापासून थोडं पुढे. दर उन्हाळ्यात यायचे तशीच यंदाही आले, फक्त पिशवीत कॉलेजचं पत्र होतं. मध्य प्रदेशात २०२१-२२ च्या सत्रापासून नवं शैक्षणिक धोरण पदवीला लागू झालं आणि प्रकल्प, इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप यांतलं काहीतरी करणं अभ्यासक्रमात आलं. पदवीच्या राष्ट्रीय आराखड्यात इंटर्नशिपला २ ते ४ क्रेडिट आहेत आणि एका क्रेडिटमागे ३० तास धरतात. म्हणजे ६० ते १२० तास. मी त्याच्या दुपटीहून जास्त बसले.

धारहून आजोबांचा रोज रात्री फोन यायचा. ते इंटर्नशिप म्हणत नाहीत, “उमेदवारी कशी चाललीय?” असं विचारतात. संस्थानी काळात कचेरीत मुलं बिनपगारी उमेदवार म्हणून बसत, कागदांच्या नकला करत, बेरजा मारत आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहत. ती पद्धत परत यावी असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरी खायला होतं त्यालाच ती परवडत होती. पण उमेदवार कुणातरी जुन्या कारकुनाच्या हाताखाली असे. रोजकीर्द कशी लिहायची, खतावणीत ती कशी ओढायची, तेरीज जुळली नाही तर चूक आधी कुठे शोधायची, हे दाखवणारा एक ठरलेला माणूस शेजारी असे. माझ्या शेजारी प्रिंटर होता.

पहिल्याच दिवशी मला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसमोर बसवलं आणि एका व्यापाऱ्याची वर्षभराची बँक स्टेटमेंट समोर ठेवली. नोंद कशाची आहे ते कळलं नाही तर काय करू, असं विचारलं. उत्तर आलं, “सस्पेन्स में डाल दो.” आमच्या माळव्यातले जुने मुनीम याला उचंत खातं म्हणतात. ज्या रकमेचा उलगडा झालेला नाही ती तात्पुरती ठेवायची जागा. तात्पुरती हा त्यातला महत्त्वाचा भाग, आणि तो मला कुणी सांगितला नाही. मी दिवसाला दोन-तीनशे नोंदी करत गेले आणि उचंत फुगत गेलं. त्यातल्या किती नंतर सुटल्या, मला माहीत नाही. मोठ्या रकमा कुणाच्या, त्या कर्ज आहेत की विक्री की मालकाने घरून आणलेले पैसे, यावर तर सगळा ताळेबंद उभा असतो. तेच विचारायची परवानगी नव्हती. क्लायंटला फोन फक्त ओटीपीसाठी करायचा.

ओटीपीचे फोन हे तर माझं मुख्य कामच होतं. अकरा तारखेला जीएसटीचं जीएसटीआर-१ विवरण, वीसला ३बी. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस मी एका जुन्या रजिस्टरमधून क्लायंटचे युजर आयडी आणि पासवर्ड वाचून पोर्टल उघडायची आणि दुकानदारांना फोन लावायची. शेकडो माणसांच्या कमाईची किल्ली त्या रजिस्टरात होती आणि ते एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात पहिल्या आठवड्यात दिलं गेलं. क्लायंटची माहिती बाहेर सांगणं हे सनदी लेखापालांच्या १९४९ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक गैरवर्तन मानलं आहे. हे मी नंतर स्वतः वाचलं. रजिस्टर हातात देताना दोन वाक्यं बोलायला कितीसा वेळ लागला असता?

आता २२ मेबद्दल सांगते, कारण या सगळ्या उन्हाळ्यातला तो एक दिवस मी विसरणार नाही.

त्या दिवशी एका धान्य व्यापाऱ्याच्या खर्चाच्या व्हाउचरची फाइल आणि एक हिरवा पेन मला दिला. “एंट्री मिलाओ और टिक लगा दो.” दुपारपर्यंत मी चारशेच्या आसपास खुणा केल्या. हात भराभर चालत होता आणि मला स्वतःचा अभिमानही वाटत होता. फर्ममध्ये एक काका येतात, सत्तरीच्या घरातले, देवासचेच मराठी, आयुष्यभर हिशेबच लिहिलेले. बँकेतून परत आल्यावर ते माझ्या टेबलाशी थांबले. म्हणाले, “ही खूण केलीस म्हणजे तू काय केलंस?”

मी म्हणाले, “बिल आहे, हे पाहिलं.”

“बिल आहे हे तर फाइल उघडणाऱ्या कुणालाही दिसेल, बाळ.”

मग ते खुर्ची ओढून बसले. बिल कुणाच्या नावावर आहे ते बघ, म्हणाले, व्यापाऱ्याच्या की त्याच्या भावाच्या? तारीख याच वर्षातली आहे का? खर्च धंद्याचा आहे की घरचा? मंजुरीची सही कुणाची? त्यांनी हमालीची सहा व्हाउचरं फाइलमधून काढून टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येक ९,९०० रुपयांचं. लागोपाठच्या दिवसांचं. एकाच मुकादमाच्या नावाचं, एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेलं. मी त्या सहाही कागदांवर खूण केली होती आणि मला काही दिसलं नव्हतं. “नऊ हजार नऊशेच का?” काकांनी विचारलं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४०ए(३) कलमाप्रमाणे एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले तर तो खर्च वजावटीला धरत नाहीत. हे कलम मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, त्यावर गुणही मिळवले होते. कागदावर ते कसं दिसतं हे मला त्या दुपारी कळलं. सहा व्हाउचरांपैकी एकावर तारीख होती ३१ जून. जूनला एकतीस तारीख नसते. तिच्या बरोबर वर माझी हिरवी खूण होती.

ती सगळी व्हाउचरं खोटी होती असं मी म्हणत नाही. हमालांना रोज रोखीतच द्यावे लागतात, आणि तारीख लिहिताना चूक होऊ शकते. काकाही तसंच म्हणाले. पण प्रश्न विचारायला हवा होता आणि मी प्रश्नाच्या जागी खूण केली होती. मी ती व्हाउचरं वर नेऊन दाखवली. “नोट कर लो बेटा, बाद में देखेंगे,” असं उत्तर मिळालं. पुढे कुणी पाहिलंही असेल, व्यापाऱ्याला विचारलंही असेल. माझ्यापर्यंत ते आलं नाही. ज्याने गोष्ट शोधली त्याला तिचा शेवट कळला नाही, तर पुढच्या वेळी तो शोधायला कशाला जाईल?

जूनच्या पहिल्या आठवड्यात उज्जैन रस्त्यावरच्या एका गोदामात साठा मोजायचा होता. सोयाबीन होतं आणि त्यावर बँकेचं कर्ज होतं. ऑफिसात सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी, म्हणजे आर्टिकलशिपची, दोन मुलं निघाली. मी विचारलं, मीही येऊ का. “ऊन आहे, गोदाम आहे, तिथे सगळे लेबर लोक, तुम्ही इथेच बऱ्या,” असं मला हिंदीत, अगदी मायेने सांगण्यात आलं. मी थांबले. संध्याकाळी त्यांनी आणलेले आकडे मी टाइप केले.

काकांनी दुसऱ्या दिवशी काडेपेट्या रचून मला थप्पी कशी मोजतात ते दाखवलं. लांबीत किती पोती, रुंदीत किती, किती थर, वरचा अर्धा थर वेगळा. मग त्यांनी मधल्या चार काडेपेट्या अलगद काढून घेतल्या. बाहेरून थप्पी तशीच दिसत होती. म्हणून थप्पीवर चढायचं, म्हणाले, आणि मधलं पोतं हलवून बघायचं.

नंतर मी वाचलं की १९६३ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये नेमकं हेच झालं होतं, तेही सोयाबीनच्याच तेलाबाबत. टाक्यांमध्ये पाणी भरलेलं आणि वर तेलाचा थर. तपासनीस वरून पट्टी बुडवायचे, तेल लागायचं, ते तेल लिहायचे. त्या तेलाच्या पावत्यांवर मोठमोठ्या कंपन्यांनी कर्जं दिली होती, आणि अमेरिकन एक्स्प्रेससारखी कंपनी त्यात हादरली. आमच्या माळव्यात सोयाबीनवरच बाजार चालतो, बँकांची कर्जं चालतात. इथल्या फर्ममध्ये शिकणाऱ्या मुलीला गोदाम दाखवायचं नाही, तर काय दाखवायचं?

आर. शिवभोगम यांनी स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगला आणि मग १९३३ मध्ये त्या भारतातल्या पहिल्या महिला लेखापाल झाल्या. त्याला नव्वद वर्षं होऊन गेली. उन्हाचं कारण सांगून मुलींना टेबलाशी बसवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की काळजी असेल तर सोबत एखादा ज्येष्ठ माणूस द्या, पाण्याची बाटली द्या, पण न्या. परीक्षेत साठ्याच्या तपासणीचा प्रश्न आम्हाला मुलांइतक्याच गुणांचा असतो.

हिशेबाकडे पाहायचं राहून गेलं की काय होतं, हे देवासला वेगळं सांगायला नको. एकाच गावात पवारांची दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव मनाने मोठे, कलांचे भोक्ते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये त्यांच्याकडे खासगी सचिव म्हणून होते. १९५३ मध्ये त्यांनी देवासच्या आठवणींचं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक काढलं, आणि त्यात त्या माणसाबद्दलचं प्रेम जितकं आहे तितकाच कारभारातला गोंधळही आहे. १९३३ मध्ये महाराज कर्जाने आणि घरच्या दुःखाने खचून पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. मामाकडे ही गोष्ट अजून हळू आवाजात सांगतात. ज्या गावात आज नोटा छापण्याचा कारखाना आहे आणि तिथे एकेक कागद मोजला जातो, त्याच गावातली ही गोष्ट आहे.

आता प्रमाणपत्राकडे येते, आणि इथे मला माझाही दोष सांगायचा आहे. कॉलेजला रोजची डायरी द्यायची होती. मागच्या वर्षीच्या एका ताईची डायरी नमुना म्हणून ग्रुपवर फिरत होती. मी तिच्यातून उतरवून ६ जूनच्या पानावर लिहिलं, “आज मालसाठ्याची प्रत्यक्ष तपासणी शिकले.” खाली माझी सही. फर्मने डायरी न वाचता शिक्का मारला. प्रमाणपत्राचा मजकूर कॉलेजने दिलेल्या साच्यातला होता, त्यात नाव भरून दिलं. कॉलेजने ते काही न विचारता सही करून परत दिलं. तीन सह्या झाल्या आणि तिघांपैकी कुणीच ते गोदाम पाहिलेलं नव्हतं. खोट्या सह्यांचे दाखले फिरू लागले तेव्हा संस्थेने २०१९ पासून सनदी लेखापालांच्या दाखल्यांना अठरा अंकी यूडीआयएन क्रमांक सक्तीचा केला. सही खरी आहे की नाही हे आता बँकेला एका मिनिटात कळतं. माझ्या प्रमाणपत्रावरची सही खरीच आहे. खोटा आहे तो वरचा मजकूर, आणि लेखापरीक्षण शिकायला गेलेल्या मुलीच्या हातात या पेशाने दिलेला तो पहिला दाखला आहे.

म्हणून मी माझा जमाखर्च पुन्हा मांडला, या वेळी खरा. सहा रविवार आणि १३ मेच्या मतदानाची सुट्टी वगळता ३९ दिवस. जेवणाची वेळ सोडून साधारण ३०५ तास. त्यातले दीडशे तास टॅलीत बँकेच्या नोंदी करण्यात गेले. साठ तास खुणा करण्यात. नव्वदच्या आसपास स्कॅनिंग, झेरॉक्स, पोर्टलवरून फॉर्म उतरवणं आणि ओटीपीचे फोन यांत. कुणी शेजारी बसून शिकवलं ते सगळं मिळून साडेपाच तास, आणि त्यातले पाच काकांचे, ज्यांच्यावर शिकवण्याची काहीच जबाबदारी नव्हती.

नोंदी करण्याबद्दल माझी तक्रार नाही. हात बसायला त्या लागतातच, आणि फर्मला जागा, वीज, वेळ द्यावा लागतो हेही मला कळतं. मी एवढंच मागते की रोज अर्धा तास एका माणसाच्या नावावर लावून द्यावा. आज काय केलंस, का केलंस, काय खटकलं, एवढं त्याने विचारावं. ३९ दिवसांत ते वीस तासही होत नाहीत. आणि प्रमाणपत्रात जे झालं तेच लिहावं. ‘बँकेच्या नोंदी केल्या, व्हाउचरं तपासली, गोदामात नेलं नाही’ असं लिहिलं असतं तर मी तो कागद आजोबांना ताठ मानेने दाखवला असता.

प्राध्यापकांना विनंती आहे की साचा बंद करा. वर्गात चाळीस डायऱ्या येतात आणि त्यांतली वाक्यंही सारखी असतात, हे तुम्हाला दिसत असणार. एकेका विद्यार्थ्याला दहा मिनिटं समोर बसवा आणि एक व्हाउचर हातात द्या. कोण काय शिकलंय ते तेवढ्यात कळेल. जमलं तर एकदा फर्ममध्ये येऊन जा. माझ्या ३९ दिवसांत कॉलेजचा फोनसुद्धा आला नाही.

परिषदेच्या सदस्यांना मात्र जास्त सांगायचं आहे. माझी इंटर्नशिप तुमच्या अखत्यारीत येत नाही, हे मी जाणते. पण माझ्या समोरच्या टेबलाशी आर्टिकलशिपची ती दोन मुलं बसत होती, आणि वर्ष-दोन वर्षांत त्या खुर्चीत मी असेन. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षं झाली. शिकायला वेळ कमी झाला, म्हणजे त्या वेळात शिकवणं वाढायला हवं. तसं झालंय का, हे कोण पाहतं? आठवड्याचे ३५ तास ठरलेले आहेत. जुलै आणि सप्टेंबरमध्ये ते कुठल्या फर्ममध्ये पाळले जातात?

आणि विद्यावेतन. २०२३ च्या योजनेत तुम्ही किमान दर दुप्पट केले, त्याबद्दल मनापासून आभार. पण तो दर अजून गावाच्या लोकसंख्येवर ठरतो. वीस लाखांच्या वर पहिल्या वर्षी महिना ४,०००, चार ते वीस लाखांत ३,००० आणि चार लाखांच्या आत २,०००. देवासची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २,८९,५५० होती आणि धारची ९३,९१७. म्हणजे आमच्या दोन्ही गावांत २,०००. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला ऐंशी रुपये. इंदूरसुद्धा त्या जनगणनेत वीस लाखांच्या जरासं आतच राहिलं. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, त्यामुळे २०११ च्या डोक्यांच्या मोजणीवर आजच्या मुलाची खोली आणि डबा ठरतो. आर्टिकलशिपच्या त्या दोघांपैकी एक सोनकच्छहून रोज बसने येतो. लहान गावातल्या मुलाला गाव लहान असल्यामुळे कमी लागत नाही. त्याला प्रवास लागतो, क्लाससाठी इंदूरला जावं लागतं, पुस्तकाची किंमत तर सगळीकडे एकच. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, फी एक, आणि विद्यावेतन तेवढं तीन पायऱ्यांचं, हे माझ्या मनाला पटत नाही. हा फरक काढून टाका. लहान फर्मना तो भार जड होत असेल तर त्यासाठी संस्थेने निधी उभा करावा. १ जुलै २०२४ ला संस्थेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने करण्यासारखं हे काम आहे.

मी हा पेशा सोडून जाणार नाही. त्या सहा व्हाउचरांनी मला जे दाखवलं ते दुसऱ्या कुठल्याच विषयाने आजवर दाखवलं नव्हतं. पहिल्यांदा मला वाटलं की कागदामागे माणसं आहेत, त्यांची घाई आहे, त्यांची भीती आहे, कधी त्यांची लबाडी आहे, आणि शांतपणे बसून पाहिलं तर ते दिसतं. ते पाहायला मला शिकायचं आहे.

६ जूनचं पान मी डायरीतून फाडलेलं नाही. त्यावरचं वाक्य एका रेघेने खोडून खाली खरं काय झालं ते लिहिलंय, आणि आजची तारीख घालून सही केली आहे. डायरी आणि प्रमाणपत्र दोन्ही पुन्हा कॉलेजात घेऊन जाणार आहे. गुण कमी झाले तर होऊ देत.

सोयाबीन सप्टेंबरअखेर निघायला लागतं, ऑक्टोबरमध्ये मंडीत गाड्यांच्या रांगा लागतात आणि दिवाळीपर्यंत गोदामं भरतात. धार, देवास, उज्जैन, इंदूर, कुठलीही फर्म त्या दिवसांत साठा मोजायला निघाली तर मला न्यावं. पैसे नकोत. धारहून पहिली बस पकडून मी येईन, आणि थप्पीवर चढेन.

आपली नम्र,
धारची एक विद्यार्थिनी
जुलै २०२४